बाब्या परदेशी, कार्टे देशी

संग्रहासाठी खेळणी घेऊ लागलेल्या आणि देशी घ्यावे की परदेशी या पेचात सापडलेल्या वाचकाला माझा पहिला सल्ला असा आहे, की तुलना करायला बसण्यापूर्वीच निकाल लावून मोकळे व्हावे. निकाल आधी लागलेला असला म्हणजे खेळणी हातात घेऊन उलटीपालटी करावी लागत नाहीत, दुकानदाराला प्रश्न विचारून आपले अज्ञान उघडे पाडावे लागत नाही आणि घरच्यांना उत्तर देताना जीभही अडखळत नाही. परदेशी खेळणे महाग असेल तर त्याचे कारण दर्जा, आणि स्वस्त असेल तर त्याचे कारण त्यांचे अवाढव्य उत्पादन. देशी खेळणे स्वस्त असेल तर तो हलका माल, आणि महाग असेल तर ती शुद्ध लूट. एवढे पाठ झाले, की पुढचे विवेचन केवळ करमणूक म्हणून वाचले तरी चालेल.

किमतीपासून सुरुवात करू. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत भारतात खेळण्यांवर २० टक्के मूळ आयातशुल्क होते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ते ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणजे व्यापाऱ्याने हजार रुपयांना आणलेली एखादी छोटी मोटार न्हावाशेवा बंदरातून बाहेर पडते तेव्हाच ती सतराशेची झालेली असते, आणि जीएसटी, घाऊक विक्रेता व दुकानदार यांनी तिच्याकडे अजून पाहिलेलेही नसते. या सातशे रुपयांत मोटारीला पाचवे चाक बसत नाही, तिच्यावर रंगाचा आणखी एक हात फिरत नाही, की तिचे दार उघडू लागत नाही. तरीही जाणता संग्राहक हे सातशे रुपये सरकारी तिजोरीच्या नव्हे, दर्जाच्या खात्यावर जमा धरतो, आणि तुम्हीही तसेच धरावे. कारण अशी मोटार हातात घेतल्यावर तळहाताला जे वजन जाणवते, ते काही तिच्या ओतीव धातूतल्या निव्वळ जस्ताचे नसते.

कायद्याचाही एक मुद्दा ओघाने येतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे; मोठ्यांसाठीच्या संग्राह्य वस्तूंवर मात्र ‘१४ वर्षांवरील’ किंवा ‘१५ वर्षांवरील’ असे छापलेले असते. हा मजकूर जपून ठेवावा. ‘हे काय वय आहे का खेळण्यांचे?’ असा प्रश्न घरात उपस्थित झाला, की डबा न बोलता पुढे करावा आणि वयाची अट आपण तीस वर्षांपूर्वीच पूर्ण केल्याचे नम्रपणे दाखवून द्यावे.

आता दर्जा. येथे दोन वेगवेगळी उपकरणे लागतात: परदेशी खेळण्यासाठी प्रेमळ नजर आणि देशी खेळण्यासाठी भिंग. हॉट व्हील्स या अमेरिकन छापाची साधी मोटार घ्या. १९६८ मध्ये सोळा मोटारींनी सुरू झालेल्या या घराण्याचा दबदबा मोठा आहे. पण साध्या मालिकेतली मोटार समोरून पाहिली तर पुष्कळदा पुढचे दिवे रंगवलेलेच नसतात, तळ प्लॅस्टिकचा असतो आणि चाकेही प्लॅस्टिकचीच असतात. प्रेमळ नजरेला यात साधेपणाचे सौंदर्य दिसते. त्यानंतर आपल्याकडची, मागे ओढून सोडली की पळणारी काळी-पिवळी रिक्षा भिंगाखाली धरावी. टपाच्या कडेला साच्यातून निसटलेल्या प्लॅस्टिकची बारीक झालर दिसेल, मागचे स्टिकर डावीकडे कललेले असेल आणि पुढचे चाक हँडलशी किंचित अबोला धरून असेल. ‘फिनिशिंग नाही हो!’ असे म्हणून रिक्षा खाली ठेवावी. रस्त्यावरच्या खऱ्या रिक्षेचेही स्टिकर तिरके आणि पुढचे चाक फटकून असते, त्यामुळे प्रतिकृती म्हणून ती त्या दिवे नसलेल्या मोटारीहून अधिक तंतोतंत आहे, असा विचार मनात आल्यास तो तेथेच दाबून टाकावा.

दोषांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे, कारण एकच दोष दोन देशांत दोन नावांनी ओळखला जातो. परदेशी मोटारीचे एक चाक बसवायचे राहून गेले आणि ती तशीच पाकिटात बंद झाली, तर तिला ‘फॅक्टरी एरर’ म्हणतात आणि तिची किंमत वाढते. देशी मोटारीचे एक चाक राहून गेले तर तिला भंगार म्हणतात, आणि दुकानदाराशी भांडण होते. हॉट व्हील्सच्या साऱ्या इतिहासातली अत्यंत महाग समजली जाणारी मोटार म्हणजे १९६९ ची गुलाबी ‘बीच बॉम्ब’, आणि तिची कथा या दृष्टीने अभ्यासावी. ही मूळ नमुन्याची फोक्सवॅगन बस अरुंद आणि वरून जड होती, सर्फबोर्ड मागच्या खिडकीतून बाहेर आलेले होते आणि ती कंपनीच्या स्वतःच्याच ट्रॅकवर धड चालत नव्हती. म्हणून आराखडा बदलून, सर्फबोर्ड दोन्ही बाजूंना बसवून, दुसरीच बस बाजारात आली. आणि जी चालली नाही, तिची किंमत आज लाख डॉलरच्या पुढे सांगितली जाते. आपल्याकडच्या जत्रेतल्या पत्र्याच्या बसगाड्या वर्षानुवर्षे वरून जड होत्या आणि वळणावर उलटत होत्या, परंतु त्याचे काही होऊ शकते हे कुणालाच सुचले नाही.

खरेदी झाल्यावर मोटार पाकिटातून बाहेर काढू नये. पारदर्शक फुगा कार्डाला चिकटलेला, कार्डाचे चारही कोपरे टोकदार आणि दुकानाच्या खिळ्याचे भोक न फाटलेले, अशा अवस्थेत ती भिंतीवर टांगावी. चाके फिरतात की नाही, आस वाकडा आहे की सरळ, हे यामुळे कधीच कळत नाही, आणि परदेशी दर्जावरचा विश्वास आयुष्यभर अबाधित राहतो. देशी खेळणे बहुधा रद्दीच्या कागदात गुंडाळून मिळते, ते घरी येईपर्यंतच उघडे पडलेले असते आणि त्यामुळे त्याची परीक्षा होते. परीक्षेला बसणारा केव्हातरी नापास होणारच.

या निमित्ताने देशी कारागिरांचीही थोडी कानउघाडणी केली पाहिजे. सावंतवाडीच्या चितारआळीत जावे. तेथे लाकडी केळ्यांची फणी मिळते. पिवळ्या सालीवर पिकलेपणाचे काळसर ठिपके आणि देठाकडे हिरवी झाक ब्रशाने इतकी बेमालूम उतरवलेली असते, की पाहुण्याचा हात एकदा तरी सोलायला पुढे होतो. पांगाऱ्याचे हलके लाकूड, त्यावर खळ, त्यावर रंग, त्यावर रोगण. एवढे करून तळाशी कारागिराचे नाव नाही, साल नाही, मालिकेचा क्रमांक नाही, ‘बारापैकी चौथे फळ’ असा उल्लेख नाही आणि परदेशी मालिकांत असते तसे तेरावे गुप्त फळ तर नाहीच नाही. मग संग्राहकाने गोळा तरी काय करायचे? मी हे दुकानातल्या बाईंना समजावून सांगितले आणि किंमत ऐकून ‘नुसते लाकूडच ना?’ असेही विचारले. ‘रंग हातान दिलेलो आसा,’ एवढेच त्या म्हणाल्या. हाताने रंगवले असेल तर प्रत्येक केळे थोडे वेगळे असणार, म्हणजे एकसारखेपणा नाही, म्हणजे दर्जा नाही, असा बिनतोड युक्तिवाद करून मी शंभर रुपये कमी करून घेतले. त्याच आठवड्यात एका मॉलमध्ये छापील किमतीच्या तिप्पट दराने मिळणारी एक मोटार मी हूं की चूं न करता घेतली. मॉलमध्ये घासाघीस करणे शोभत नाही.

गंजिफाचेही तेच. त्याच गावात तयार होणाऱ्या दशावतारी गंजिफाच्या संचात गोल, हाताने रंगवलेले १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. मालिका आहे, क्रम आहे, राजा आहे, वजीर आहे. संग्राहकाला हवे ते सगळे आहे. मात्र संपूर्ण संच एकाच वेळी, एकाच पेटीत आणि पेटी उघडून दाखवून विकण्याची घोडचूक ही मंडळी करतात.

ही चूक कशी टाळावी हे लबूबूकडून शिकावे. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ च्या सुमारास निर्माण केलेला हा मोठ्या कानांचा, खवचट हसणारा प्राणी चिनी कंपनी पॉप मार्टने बंद डब्यात विकला. आत कोणता रंग आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि गुप्त बाहुली ७२ डब्यांत एखादीच निघते. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात चार फुटांहून उंच असा एक लबूबू १० लाख ८० हजार युआनला, म्हणजे सुमारे सव्वा कोटी रुपयांना गेला. ‘चिनी माल’ हा शब्द आपल्याकडे पन्नास रुपयांच्या टॉर्चसाठी वापरतात. सव्वा कोटीच्या वस्तूला तो वापरू नये. नकली लबूबूंचाही सुळसुळाट झाला असून त्यांना ‘लफुफू’ म्हणतात. अस्सल लबूबूला नऊ दात असतात, तेव्हा डबा फोडताच प्रथम दात मोजावेत. गुरांच्या बाजारात आदत, दुसा, चौसा असे दात मोजून बैल घेणाऱ्यांचे वंशज आपण; हे कसब वाया गेले नाही, याचे समाधान मानावे. माझ्या पुतणीने रस्त्यावरून घेतलेल्या लबूबूला अकरा दात निघाले. दोन दात फुकट मिळाले असे मी तिला म्हटले, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना संग्राह्य म्हणावे काय, हा प्रश्न गंभीरपणे घेऊ नये. पुण्याच्या कुंभारवाड्यातून आणलेले, भाला वाकलेले, एका बाजूची मिशी गालावर गेलेले मावळे आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर खोक्यात भरलेले आहेत, त्यांतले काही वडिलांच्या लहानपणचे आहेत आणि त्यांचा साचा आता कुणाकडेही नाही. दुर्मीळता, वय, रंगातला फेरफार, सगळे आहे. फक्त ते आपले आहेत आणि ते विकत घ्यायला अजून कुणी परदेशी माणूस आलेला नाही.

असा माणूस आला, की काय होते हे मात्र सांगितले पाहिजे, कारण देशी खेळण्याचा दर्जा एका रात्रीत सुधारण्याचा तो एकमेव खात्रीचा मार्ग आहे. लिओ या नावाने भारतात निघालेल्या हॉट व्हील्स आपण धुळीत चालवून संपवल्या. परदेशातले संग्राहक आज त्या काचेच्या कपाटात ठेवतात. फनस्कूल या भारतीय कंपनीने, जिचा एक कारखाना गोव्यात आहे, पावणेचार इंची जी. आय. जो सैनिक येथे काढले. अमेरिकन साचे, पण रंग इथले: तिकडे जो सैनिक हिरवा, तो इकडे भलत्याच रंगाच्या विजारीत. त्या काळी आम्ही याला ‘रंग चुकला’ म्हणत होतो. अमेरिकेतले संग्राहक याला ‘इंडियन व्हेरिएशन’ म्हणतात आणि त्यासाठी डॉलर मोजतात.

माझ्याकडे असे चार सैनिक होते. या सैनिकांचे धड आणि पाय आत एका रबराच्या कडीने जोडलेले असत. ती कडी तुटली की कमरेखालचा भाग हातात येई. माझ्या चौघांपैकी तिघे असे जायबंदी झाले, आईने केसांचे रबर लावून त्यांना काही दिवस उभे ठेवले आणि अखेरीस दहावीच्या सुट्टीत रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकले. गेल्या वर्षी त्यांतला एक मला अमेरिकेतल्या एका सद्गृहस्थांकडे आढळला. नाकावरचा रंग उडालेला, भुवया कपाळावर बऱ्याच वर गेलेल्या, कडी नवी. या भुवयांवर त्यांनी एक संपूर्ण परिच्छेद लिहिला होता आणि किंमत, तो परिच्छेद वाचल्यावर, मला अगदी वाजवी वाटली.

पार्सल आले तेव्हा सीमाशुल्काची पावती वेगळी जोडलेली होती. कागदावर वस्तूचे नाव ‘खेळणे, जुने’ आणि उत्पादनाचा देश ‘भारत’ असे दोन्ही लिहिलेले असूनही शुल्क कमी झालेले नव्हते, आणि ते मी भरले. पोस्टमनकाकांनी सही घेताना खोके हलवून पाहिले. ‘साहेब, काय मागवलंत एवढ्या लांबून?’ त्यांनी विचारले.

‘खेळणे आहे,’ मी म्हणालो, आणि त्यांचा चेहरा पडलेला पाहून घाईघाईने पुढे म्हणालो, ‘इम्पोर्टेड.’