दक्षिण सुदानला निघालात? बँकेची शाखा सोबत घ्या

वैद्यकीय मदतीच्या मिशनवर दक्षिण सुदानला जायचं ठरलं? अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील, व्हॉट्सअ‍ॅपवर 'अभिमान वाटतो' आणि जोडलेले हात येऊन गेले असतील. आता आधीच इथे येऊन बसलेल्या एका नर्सचं थोडं ऐका. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, गमबूट हे संस्था बघते. बाकीचं तुमचं तुम्हाला बघायचं आहे.

नातेवाइकांना नकाशा दाखवत बसू नका. हा देश 2011 साली सुदानपासून वेगळा झाला, हे कितीही समजावलं तरी मामांच्या लेखी तुम्ही दुबईच्या जरा पुढे असता आणि येताना परफ्यूम आणणार असता.

डॉलर घेताना नोटांचं वधूपरीक्षण करा. निळी पट्टी नसलेली, 2013 च्या आधीच्या धाटणीची शंभराची नोट इथला दुकानदार दोन बोटांत धरतो, उजेडात फिरवतो आणि तुमची तुम्हाला परत देतो. मधोमध घडी असेल तर हातातही घेत नाही. अमेरिकेची पत जगभर चालत असेल, इथल्या राजधानीत, जुबाच्या बाजारात इस्त्री चालते. बदल्यात दक्षिण सुदानी पौंडांच्या ज्या गड्ड्या मिळतात, त्या मात्र मळक्या, फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या कशाही चालतात. त्यासाठी वेगळी पिशवी न्या.

फोटो काढू नका. का, ते पोलीस सांगतील.

विमानाची तारीख पेन्सिलीने लिहा. जुबाहून आमच्याकडे येणारं छोटं विमान मातीच्या धावपट्टीवर उतरतं, आणि ही माती अगदी आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली. काळी, चिकण. रात्री पाऊस झाला की सकाळी तिच्यात बूट रुततो, तिथे विमान काय उतरणार! दोन दिवस कडक ऊन पडलं की धावपट्टी सुकते, मग कोणीतरी पळत जाऊन तिच्यावरच्या शेळ्या हाकलायच्या, मग विमान. सामान वीस किलो. त्यात आधी गोडा मसाला बसवा, कपड्यांचं नंतर बघू.

हे सगळं जमतं. माणूस कशालाही सरावतो. खरी तयारी करायची ती भारतातल्या आपल्या बँकेची.

तुम्ही परदेशात गेलात हे बँकेला कळता कामा नये. आणि न कळवून चालणार नाही. हे दोन्ही एकदम साधायचं.

मागच्या महिन्यात माझं खातं गोठवलं गेलं. केवायसीची मुदत संपली, असा मेसेज भारतातल्या नंबरवर आला होता म्हणे. ते सिम इथे रेंज पकडत नाही. घराचा हप्ता त्याच खात्यातून जातो. तो परत गेला आणि दंड मात्र वेळेवर लागला. दंड लावायला केवायसी लागत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, बँकेचं अ‍ॅप उघडा. ते ओटीपी मागेल. ओटीपी भारतातल्या नंबरवर जाईल. ईमेलवर ओटीपी मागवायची सोय आहे का? आहे ना. ती सुरू करायला ओटीपी लागतो.

मग व्हिडिओ केवायसी. ही सोय रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये आणली आणि समोरचा माणूस भारतातच बसला आहे ना, याची खात्री करायची अटही घातली. पुढच्या वर्षी परदेशी इंटरनेट पत्त्यावरून येणारी जोडणी रोखता आली पाहिजे, हेही आलं. म्हणजे जो चालत शाखेत जाऊ शकतो, त्याला चालायचे कष्ट नकोत म्हणून ही सोय. ज्याला जाताच येत नाही, त्याने विमानाने यावं.

मग फोन. घड्याळात साडेतीन तासांचा फरक. शाखा दहाला उघडते तेव्हा इथे सकाळचे साडेसहा, वॉर्डात रात्रभर तापाने फणफणलेली पोरं आणि सलाइनच्या बाटल्या. तेवढ्यातून सुटून पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहायचं, कारण रेंज तिथेच येते. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मग संगीत. मग रेंज जाते.

शेवटी आईला पाठवलं. माझं आधार, पॅन, पासपोर्टची प्रत आणि मी सही केलेलं पत्र घेऊन ती शाखेचा जिना चढून गेली.

"काकू, मॅडमना स्वतःला यावं लागेल."

"अहो, ती आफ्रिकेत आहे. दवाखान्यात कामाला आहे तिकडे."

"मग येऊ दे की एक दिवस सुट्टी काढून."

एक दिवस! आईने त्यांना धावपट्टी, जुबा, अदिस अबाबा, मुंबई असा सगळा प्रवास सांगितला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिस्टर असतात का इथे? ते आले तरी बघू आपण."

खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझी सही चालत नाही, नवरा चालतो.

एक आडवाटही सुचवली गेली. तुम्ही परदेशात राहता, तर खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, करून घ्या. त्यासाठी तिकडच्या पत्त्याचा पुरावा द्या. लाइट बिल चालेल. मी गवताच्या छपराच्या टुकूलमध्ये राहते. वीज जनरेटरची. बिल यायचंच झालं तर ते डिझेलच्या पिंपाच्या नावे येईल. रस्त्याला नाव नाही, पावसाळ्यात तर रस्ताही नाही. फॉर्मवर पिन कोडच्या सहा चौकटी, त्या भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, आणि देशांच्या यादीत नुसतं 'सुदान'. कागदांवर भारतीय दूतावासाचा शिक्का हवा. दूतावास आहे, 2012 पासून आहे, जुबाला आहे. जुबाला जायला तेच विमान, त्याच शेळ्या.

हो, पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड जपा. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणाचा सरकारी पाहुणचार, आणि तिथूनही शाखेत जाता येत नाही.

इथे पोषण कक्षात आम्ही लहान मुलाच्या दंडाला एक फीत लावतो. घेर 115 मिलिमीटरच्या खाली गेला की फीत लाल दाखवते आणि उपचार सुरू होतात. जन्मदाखला कोणी मागत नाही, पत्ता कोणी मागत नाही. अनोळखी आईचं मूल घ्यायला आम्हाला एवढं पुरतं. आणि बँकवाल्यांनो, तुमच्याकडे माझी सही आहे, फोटो आहे, आधार आहे, पॅन आहे, इतक्या वर्षांचा पगार आहे. तरी मी कोण ते तुम्हाला कळत नाही?

'नियम आहे' म्हणता ना? मग तो वाचा तरी. जानेवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वच्छ सांगितलंय की माहितीत बदल नसेल तर ग्राहकाने तसं स्वतः लिहून दिलेलं पुरे, नोंदवलेल्या ईमेलवरूनसुद्धा, त्यासाठी शाखेत यायला लावू नका. माझं नाव तेच, घर तेच, करार संपला की मी परत त्याच घरात येणार. तसं लिहून मी नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवलं. उत्तर काय, तर 'कृपया जवळच्या शाखेशी संपर्क साधा.' अहो, परिपत्रक उघडून बघायला काय धाड भरलीय तुम्हाला? आणि बायकोच्या खात्याला नवरा चालतो, हे कुठल्या परिपत्रकात आहे? काढा, दाखवा. नसेल तर त्या काउंटरवर बसून पुन्हा कोणाला तसं सांगू नका. म्हाताऱ्या बाईला हेलपाटे घालायला लावता आणि वर 'मुलगी मोठं काम करते हां काकू' म्हणून कौतुक करता. कौतुक नको आम्हाला. तो ईमेल तुमच्याकडे पडलाय, सगळे कागद जोडलेत. उघडा, खातं सुरू करा आणि माझ्या आईला परत तो जिना चढायला लावू नका.