जुलैमधल्या पिशवीच्या तक्रारीबद्दल

नमस्कार मॅडम,

'दीड हजार रुपये मोजून कचरा विकत घेतला. आठ दिवसांत पट्टा उसवला आणि पिशवी उघडली की फरसाणाचा वास येतो', असं लिहून तुम्ही एकच स्टार दिलाय.

पट्ट्याची चूक आमचीच. वेफर्स-फरसाणाच्या रिकाम्या पाकिटांच्या पट्ट्या विणून आम्ही पिशवीचं कापड करतो, ते निसरडं असतं. शिवणीत सुती पट्टी घातली नाही तर टाका धरतच नाही. त्याच खेपेतल्या उरलेल्या चार पिशव्या मी काल स्वतः उसवून पाहिल्या. दोनमध्ये ही पट्टी नव्हतीच.

वासाचंही तुमचं बरोबर आहे. वेफर्स, फरसाणाच्या पाकिटाला आतून तेल असतं. आम्ही ते उघडून गरम पाण्यात साबणाने धुतो आणि कडक उन्हात वाळवतो. जुलैत ऊन नव्हतं, माल पंख्याखाली वाळवला. ते करायला नको होतं.

'कचरा' या शब्दाबद्दल मात्र बोलायचंय. पाण्याची बाटली भंगारवाला घेतो, पुठ्ठाही घेतो. चकचकीत पाकिटाला सहसा हात लावत नाही, कारण प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. कचरावेचक ताई सुका कचरा निवडतात, त्यात या पाकिटांचे त्यांना पैसे मिळत नाहीत. आम्ही किलोच्या भावाने ती त्यांच्याकडून घेतो. पाकीट इतकं हलकं की किलो भरायला पोतंभर लागतात.

तुमचे पैसे जातात ते हातांना. पाकीट बोटभर रुंद कापायचं, चरख्यावर गुंडाळायचं, मग हातमागावर ताणा, म्हणजे उभे धागे, सुताचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, या पट्ट्यांचा. सूत सलग येतं. आमची पट्टी हातभर चालली की संपते. विणणारी थांबते, नव्या पट्टीचं टोक जुन्याखाली सरकवते, फणी ठोकून वीण घट्ट करते, पुन्हा आडवी पट्टी नेणारा धोटा टाकते. एका पिशवीत हे शेकडो वेळा होतं. म्हणून ती किंमत मी कमी करणार नाही.

पण आठ दिवसांत पिशवी उसवली तर तेच पाकीट पुन्हा कचऱ्यात जातं आणि आमची सगळी मेहनत वाया जाते. तुमची तक्रार मला लागली ती यासाठी.

पिशवी न्यायला आमचा माणूस तुमच्या घरी येईल. दुसरी पिशवी हवी की पैसे परत, तुम्ही सांगाल तसं करू. जुलैत ज्यांनी पिशव्या घेतल्या त्यांनीही पट्ट्याची शिवण ओढून पाहा. सैल लागली तर दुकानात आणून द्या, शिवून देऊ. पैसे लागणार नाहीत.