तिसरी खुर्ची

नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. निमित्त एवढंच की एका भाच्याच्या आईवडिलांना कुणीतरी फॅमिली थेरपी, म्हणजे घरच्यांनी मिळून थेरपिस्टकडे जाणं, सुचवली. एक बाजू म्हणाली, ही पाश्चात्त्यांची फॅडं, घरात वडीलधारी माणसं असती तर ही वेळच आली नसती. दुसरी बाजू, बहुतेक पंचविशीतली, म्हणाली की आधी सगळ्या आईबापांनाच पाठवा. मी गप्प राहिले. ज्या गोष्टीवर इतके इमोजी उडत होते, ती मी इकडे परदेशात वर्षभर केली आहे, नवऱ्याला आणि १३ वर्षांच्या लेकीला घेऊन.

लेक सकाळी उठली की पोट दुखायचं, शाळा बुडायची. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. थेरपिस्टकडे पहिल्या दिवशी आम्ही सोफ्यावर बसलो ते असे : मी एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला, मध्ये लेक. मी सुरुवात केली, “हा तिला कधी काही बोलतच नाही...” थेरपिस्टने थांबवलं. “हे मला नको, त्यांना सांगा.” मग तिने लेकीला उठवून बाजूच्या खुर्चीत बसवलं. मध्ये कुणी नसताना आम्हाला एकमेकांशी बोलताच येईना. लेक मात्र थोड्या वेळाने खुर्चीत पाय वर घेऊन आरामात बसली. पहारा संपल्यावर माणूस बसतो तशी.

खुर्च्या हलवण्याची ही पद्धत साल्वादोर मिनुचिन या मानसोपचारतज्ज्ञांची, हे मला नंतर कळलं. कुटुंबात आईवडिलांची एक फळी असते, मुलांची दुसरी, आणि मूल आईवडिलांच्या फळीत ओढलं गेलं की त्याचं दुखणं सुरू होतं, असं ते मांडत. १९७४ साली त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं. ग्रुपवरच्या काकांना सांगावंसं वाटलं की हे गृहस्थ १९२१ साली अर्जेंटिनात स्थलांतरित ज्यू घरात जन्मले, अमेरिकेत गेल्यावर गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या घरच्यांबरोबर काम करत त्यांनी ही पद्धत घडवली, तीही परक्या भाषेत. आणि पाश्चात्त्य फॅडच म्हणायचं, तर १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं. उपचारात घर हवं, हे आपल्याकडेही कुणाला तरी सुचलंच होतं. (हे सगळं टाइप केलं आणि पुसलं. काका उलट एक व्हिडिओ पाठवतील, याची खात्री होती.)

पण काकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मला परदेशात आल्यावरच उमगली. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी म्हटलंय की दोघांतला ताण वाढला की ते तिसऱ्याला ओढतात. तिकडे हा तिसरा माणूस बहुधा मोठा असायचा. नणंदेकडे गाऱ्हाणं, सासूकडे तक्रार, भावाला फोन. त्यातून कटकटी व्हायच्या, पण वाफ जायची. इकडे आम्ही दोघंच. तिसरं कोण, तर लेक. तिला इथली भाषा आमच्यापेक्षा बरी येते, शाळेची पत्रंही तीच वाचून दाखवते. नवऱ्यावर चिडले की मी तिच्याशी बोलत होते, तोही तेच करत होता. तिचं पोट न दुखलं तर नवल.

म्हणून “एकत्र कुटुंब हेच औषध” मला पटत नाही. ते औषध नव्हतं, ओझं वाटून घेणं होतं. आणि आईवडिलांनी “एकाच सुरात” बोलावं, हा आपला लाडका उपदेश तर अर्धाच खरा. एकमत नसेल तर एकानं, म्हणजे बहुधा बाईनं, गप्प बसायचं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. आम्हाला शिकवलं ते वेगळं : मतभेद ठेवा, मूल नसताना भांडा, पण दुसऱ्याच्या पाठीमागून मुलाला सूट देऊ नका. लेक बाबाकडे काही मागायला आली तर “आईशी बोलून सांगतो”, एवढंच. मुलांसमोर वाद झालाच तर तो मिटलेलाही त्यांना दिसू द्या. आपण नेमकं भांडण दाखवतो आणि समेट दार लावून करतो. नवरा-बायको वेगळे राहत असले तरी एवढं जमू शकतं, असं थेरपिस्ट म्हणायची.

पंचविशीतल्यांना मात्र एक सांगेन. घरात मारहाण किंवा धाक असेल तर “टीम व्हा” हा सल्ला घातकी आहे. आमच्या थेरपिस्टने सुरुवातीलाच आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावून हे विचारलं होतं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, जो हे विचारणार नाही त्याच्याकडे जाऊच नये.

लेकीच्या फोनवरून आमचं आजही जमत नाही. मी म्हणते साडेआठ, तो म्हणतो दहा. लेकीला दोघांच्याही तोंडून एकच ऐकू येतं : ९ नंतर फोन बाहेरच्या खोलीत. साडेआठच बरोबर होतं, असं माझं अजून म्हणणं आहे.