भांड्यांवरची जुनी नावं घासून काढावीत का?

कट्ट्यावर प्रश्न टाकला संदीपने. घरातल्या जुन्या स्टीलच्या भांड्यांवरची नावं पॉलिशवाल्याकडून काढून घेतली तर काय बिघडलं? सगळा सेट एकसारखा दिसेल.

"कोरलेलं अक्षर घासून जात नाही रे," मंदार म्हणाला. भांड्यांचा धंदा त्याच्या हातातला. "आजूबाजूचा पत्रा घासत अक्षराच्या तळापर्यंत आणावा लागतो. 26 गेजचा पत्रा जेमतेम 0.45 मिलिमीटर. त्यात छिन्नीने मारलेलं टिंब आतल्या बाजूने बोटाला लागतं, म्हणजे पत्रा तिथे दबलेला असतो. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, मारून वरून सपाट केलंस तरी भांडं उजेडात तिरकं धरलं की खळगा दिसणारच. 20 गेजचं, 0.9 मिलिमीटरचं जाड पातेलं असेल तर निभावेल. पण काढतोस कशाला? बारसं, मुंज, वास्तुशांत, साठीशांत, प्रत्येक भांड्यावर प्रसंग आणि तारीख आहे. तारखांप्रमाणे मांडून बघ, घराची वंशावळ उभी राहते."

वैशालीला हे पटलं नाही. "वंशावळ कुणाची, तेही वाच. भांडी माहेरची, पैसे माहेरचे, आणि नाव नवऱ्याचं, नाहीतर लग्नात बदललेलं. ती ज्या नावाने शाळेत गेली ते नाव त्या घरातल्या एका वाटीवरही सापडत नाही."

"अगं, भांडी पंगतीला शेजारीपाजारी जायची. कुठल्या दारात परत द्यायची ते कळायला घरमालकाचं नाव."

"हंड्या-परातींचं समजू शकते. लग्नात आलेल्या फुलपात्रावर पण तेच?"

इथे मंदार गप्प बसला, आणि माझ्या मते बसायलाच हवं होतं. पण म्हणून नाव पुसणं हा उपाय नाही. 'मामांकडून', 'आत्याकडून सप्रेम भेट' अशी ओळ असलेली वाटी घासली की देणाऱ्याची त्या घरातली लेखी खूण संपते.

संदीप लेझरवर आला. लेझरने स्वच्छ, काळं, बारीक अक्षर उमटतं, मग छिन्नी हवीच कशाला?

मंदारचं उत्तर लांबलं. स्टील गंजत नाही ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. लेझरची उष्णता जास्त झाली तर तो थर बिघडतो आणि नेमका अक्षरातच गंज धरतो. काळा रंगही लिंबू-चिंचेने आणि रोजच्या घासण्याने फिका पडत जातो. डब्याचं सपाट झाकण लेझरला उत्तम. गोल भांडं फिरतं ठेवणारी जोडणी नसेल तर कडेची अक्षरं पुसट येतात. मात्र एक काम लेझरच करू जाणे, हस्ताक्षर उतरवणं. आजीने लिहिलेली गोडा मसाल्याची कृती मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर आणायची तर कागद किमान 600 डीपीआयवर स्कॅन करायचा, पिवळेपणा काढून फक्त काळी शाई ठेवायची. तिची काटछाट, तिचं वळण जसंच्या तसं येतं. हे ऐकून वैशालीही खूश झाली.

रोजच्या भांड्याला मंदार नाव घालायचं विजेवरचं यंत्र सुचवतो. आत विद्युतचुंबक, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर टोक सेकंदाला 100 वेळा आपटतं. पातळ पत्र्यावर ठोका कमीत कमी ठेवायचा, आणि भांड्याच्या आत लाकडी ठोकळा किंवा वाळूची पिशवी हवीच; नाहीतर पत्रा थरथरतो आणि रेघ दुहेरी उठते. अक्षर पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान नको. अनुस्वार, रफार, वेलांटी एकमेकांत मिसळतात. नाव बाहेरून, काठाखाली दोन बोटं. डबा असेल तर झाकणावरही, कारण हरवतं ते झाकण. नॉनस्टिकवर नको, थर उडतो. कुकरवर तर मुळीच नको. काठाला पोचा आला की वाफ धरत नाही.

"आणि नाव घातल्यावर महिनाभरात टिंबांत तांबूस ठिपके येतात, ते?" संदीपने विचारलं.

"लोक म्हणतात स्टील हलकं निघालं. पुष्कळदा दोष छिन्नीचा असतो. साध्या लोखंडी छिन्नीचे कण टिंबात राहतात आणि ते गंजतात. लिंबाचा रस अर्धा तास लावून ठेव, जुन्या टूथब्रशने घास, धुऊन कोरडं कर. तारेची लोखंडी घासणी वापरलीस तर आणखी कण भरशील. टोक लोखंडाचं नसून कठीण टंगस्टन कार्बाइडचं आहे का, हे आधीच विचारायचं."

पितळेचं गणित वेगळं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करतात ते नुसत्या शोभेसाठी नाही, हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो. पण पोचा काढून भांडं पुन्हा मठारलं तर त्या जागेवरचं नाव जातं. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी नावावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची, ठसा उतरतो. तो कारागिराला द्यायचा, म्हणजे तेच वळण परत घालता येतं. कल्हईला मात्र घाबरायचं कारण नाही. कल्हईचं कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, बाहेरचं कोरीव नाव त्या आचेला दाद देत नाही.

मग संदीपने काय करावं? वैशालीने तोड काढली: जुनं नाव राहू दे, त्याच्या विरुद्ध बाजूला जिची भांडी होती तिचं नाव घाल, माहेरचं. मंदारने लगेच मान्य केलं. वर विरुद्ध बाजूच बरी म्हणाला, कारण ठोकलेल्या नावालगत स्टील कडक झालेलं असतं आणि नवं अक्षर उथळ उठतं. 'सौ.' लावायचं की नाही यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

"ते आईलाच विचार," मंदार म्हणाला, "आणि तिच्याकडून कागदावर लिहून आण. दुकानात तोंडी सांगितलं की ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि पत्र्यावर ते खोडता येत नाही."