आठ रुपये सहा आणे

सव्वाआठ असतं तर समजू शकलो असतो. साडेआठ असतं तरी चाललं असतं. पण दुकानदाराने काउंटरवर ठेवलेल्या त्या निळसर काळ्या रिव्हॉल्व्हरची नळी होती आठ पूर्णांक तीन अष्टमांश इंच. म्हणजे दोन्हींच्या बरोबर मधली. पंचवीस वर्षं ओहायोत काढूनही हा आकडा माझ्या घशाखाली उतरेना. रात्री कोल्हापूरला फोन लावला. बाबांना पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत सगळं पाठ. ते क्षणभर थांबले आणि इंचाला सोळा आण्यांचा रुपया धरून म्हणाले, "आठ रुपये सहा आणे की! त्यात काय एवढं?"

त्यात एवढंच, की त्या सहा आण्यांनी माझी झोप उडवली होती.

हा नाद लागला तो ईरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरीला. तिथे 1907 पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. मी गेलो होतो निव्वळ बघायला. पिस्तुलाच्या रांगेत माणसं एक हात खिशात घालून, दुसरा सरळ लांब करून उभी होती. बसथांब्यावर हात दाखवावा तशी. सावकाश फेरीत 50 यार्डांवर दहा मिनिटांत दहा गोळ्या, आणि घाईच्या फेरीत 25 यार्डांवर दहा सेकंदांत पाच. आता जवळपास सगळे अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरतात. मी मात्र भाळलो एका म्हाताऱ्याच्या के-22 मास्टरपीसवर, म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या .22 इंची गोळीच्या रिव्हॉल्व्हरवर. त्याच्या सिलिंडरात सहा गोळ्या, आणि घाईच्या फेरीतही दर वेळी अंगठ्याने घोडा चढवायचा. माझं बँकेचं ॲपसुद्धा तीनदा चुकल्याशिवाय उघडत नाही, आणि मी दहा सेकंदांत पाच वेळा घोडा चढवणार होतो!

या रिव्हॉल्व्हरला मॉडेल 17 हा क्रमांक मिळाला 1957 साली. त्याच वर्षी आपल्याकडे आणे जाऊन नवे पैसे आले. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे दोघांचंही वाटोळं एकदमच झालं."

आता निवड. जुन्या बाजारात मला तिघं भेटले: चार इंची (त्याला मॉडेल 18 म्हणतात), सहा इंची, आणि हे सहा आणेवालं. मला वाटायचं, नळी लांब म्हणजे गोळी जास्त सरळ जाते. रेंजवरच्या मंडळींनी हा गैरसमज एका दुपारीत धुऊन काढला. 25 यार्डांवर .22 ची गोळी आखूड नळीतूनही सरळच जाते. वाकडे असतो आपण. लांबीचा उपयोग वेगळाच. नेम धरताना पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, मागच्या खाचेत जुळवावी लागते. या दोन्हींत अंतर जितकं जास्त, तितकी जुळवणीतली चूक कमी महागात पडते. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. जुळवणी अर्धा मिलिमीटर हुकली, तर 25 यार्डांवर चार इंचीने गोळी साधारण आठ सेंटिमीटर भरकटते, सहा इंचीने सहा, आणि लांबडीने साडेचार.

झालं तर मग, लांबडीच! पण ती हातात धरून पाहिली. वजन जवळपास सव्वा किलो, आणि तेही सगळं पुढच्या टोकाला. शिवाय साइट्स लांब असल्या की आपला थरकाप झाकला जात नाही. चार इंचीवर मी स्वतःला बऱ्यापैकी स्थिर माणूस समजत होतो. लांबडीवर पुढची साइट खाचेत अशी नाचायला लागली, की जणू गणपतीची मिरवणूक महाद्वार रोडवर आलीय.

"सराव करा," म्हातारा म्हणाला. म्हणून मी स्वयंपाकघरात खलबत्त्यातला बत्ता सरळ हाताने समोर धरून, फ्रिजवरच्या चुंबकावर नेम लावून उभा राहू लागलो. चौथ्या दिवशी मागून आवाज आला, "अहो, नेम धरून झाला असेल तर द्या तो इकडे. वेलदोडे कुटायचेत."

पुढचा आठवडा मतांचा होता. एक गृहस्थ म्हणाले, सहा इंच हीच खरी लांबी, बाकी सगळा नट्टापट्टा. दुसऱ्याने आठ रुपये सहा आण्यांची जन्मकथा सांगितली: आधी पावणेनऊ इंची नळ्या निघत, पण जुन्या स्पर्धांच्या नियमात दोन साइट्समधलं अंतर 10 इंचांच्या वर चालत नसे, म्हणून टोक कापलं. किती कापलं? हिशेब केला. बरोबर सहा आणे! बाबा खूश झाले. तिसऱ्याने विचारलं, आंतरराष्ट्रीय नियमात नळी जास्तीत जास्त 153 मिलिमीटर, तुम्ही तिथे उतरणार का? आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते याच नियमात. गाव एकच, त्यामुळे आपल्यालाही नियम पाळायला हवेत, असं मला उगीचच वाटलं. सहा इंच म्हणजे 152.4. फक्त सहा दशांश मिलिमीटरने वाचलो! माझं वय, चष्मा आणि थरकाप यांबद्दल नियमात काही नाही, पण ते पंचांना आपोआप दिसेल.

निर्णय तरीही होईना. मी बायकोसमोर टेबलावर तीन कागद पसरले: वजन, अंतर, चूक. तिने ते न वाचता वर पोळपाट ठेवला.

"हे ठेवणार कशात?"

"त्या कुलपाच्या लोखंडी पेटीत."

तिने शिवणकामाची टेप आणली. पेटी आतून बारा इंच. मग माझ्या कागदांवरून रिव्हॉल्व्हरच्या एकूण लांब्या काढायला लावल्या. लांबडी साडेतेरा, बाद. सहा इंची अकरा पूर्णांक एक अष्टमांश, बसते. चार इंचीचं मी काही बोलायच्या आत टेप गुंडाळली गेली होती.

शनिवारी सहा इंची घरी आली. रात्री बाबांना फोन केला.

"एकूण लांबी अकरा रुपये दोन आणे, बाबा."

"आणि पेटी?"

"बारा रुपये."

"म्हणजे चौदा आणे उरले," ते म्हणाले. "सांभाळून ठेव. एकदम उडवू नकोस."