चढा भाव म्हणजे चढी कमाई नव्हे
ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाच्या मसाल्याचा निर्यात-भाव आफ्रिकेजवळच्या कोमोरोस बेटांपेक्षा चढता राहिला म्हणून ग्रेनाडातला शेतकरी सुखात, हे मसाल्यांवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. सप्टेंबर 2004 मध्ये 'इव्हान' चक्रीवादळाने ग्रेनाडातली बहुतेक जायफळाची झाडं आडवी केली. नवं झाड फळायला 6-7 वर्षं जातात. विकायला मालच नाही, तर त्या भावाचं तो करणार काय? भावाशेजारी टनांचा आकडा द्यायलाच हवा होता.

कोमोरोसच्या लवंगेचंही तेच, नुसत्या भावावरून कमाई कळत नाही. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये 20 वर्षं माल बघतोय. गोणीत हात घालून मूठ काढावी, तर कधी अर्ध्या लवंगांची डोकी गळालेली. नखाने दाबून तेल सुटलं नाही की भाव तिथेच तुटतो. मागणी तेवढीच असते, भाव पाडतो तो मालाचा दर्जा.