पूर्वापार व्हा, सुखी व्हा

रहिवासी झोनमधल्या घराखाली गॅरेज, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप किंवा निदान एखादं लॉन्स थाटायची इच्छा आहे ना? मग परवानगी मागायला जाऊ नका. मागणाऱ्याच्या अर्जात त्रुटी निघतात. न मागणाऱ्याचा अर्जच नसतो, त्रुटी काढणार कशात?

आपल्या उपयोगाचा नियम तसा सज्जन आहे. एखादा वापर आधीपासून कायदेशीरपणे चालू असेल, तर नव्या विकास आराखड्यात झोन बदलला म्हणून तो एका रात्रीत बंद पाडत नाहीत. आजोबांची पिठाची गिरणी होती, सोसायट्या नंतर उगवल्या. त्यात गिरणीचा काय दोष? फक्त 'कायदेशीरपणे' ही अट जरा हळू आवाजात वाचावी आणि 'आधीपासून'वर जोर द्यावा.

आता आधीपासून म्हणजे कधीपासून, हे पुराव्यावर ठरतं, आणि पुरावा मुरावा लागतो. म्हणून पत्रे ठोकल्या ठोकल्या वीजमीटर घ्या, घरपट्टीची आकारणी करून घ्या. कर आकारला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही, अशी टीप बिलावर कुठेतरी बारीक अक्षरात असते. पावती फाइलला लावताना पंच नेमका तिथे मारावा.

अनधिकृत म्हणून घरपट्टीच्या दुप्पट शास्ती लागली तर लगेच भरायला धावू नका. पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षं गाजलेला शास्तीकर २०२३ मध्ये माफ झाला. ज्यांनी तोवर तो वेळच्या वेळी भरला, त्यांच्याबद्दल आपण मनातल्या मनात आदर बाळगू.

शिक्षेचंही दडपण नको. नगररचना कायदा १९६६चा, त्याचं कलम ५२ सांगतं: एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड. कैद वाचून दचकलात? गल्लीत विचारून बघा, कोणी भोगून आलंय का. दंडाचं म्हणाल, तर शेडचं वेल्डिंग करणारा याहून जास्त मजुरी घेतो.

खरी मदार मुदतीच्या तारखेवर. गुंठेवारी कायद्यात, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना पाडलेल्या प्लॉटवरची बांधकामं नियमित करणाऱ्या कायद्यात, आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं बसत होती. २०२१च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. पहिली गाडी चुकलेले, वीस वर्षं फलाटावर बसून, वेळेत पोचलेले ठरले! मधल्या काळात, २०१७ मध्ये, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना तडजोड शुल्क भरून नियमित व्हायची वेगळी सोय झाली. झोपड्यांना संरक्षण मिळण्याची तारीखही १९९५वरून २०००वर आणि मग सशुल्क २०११वर आली. ज्याला डोक्यावर छप्परच नव्हतं, त्याच्यासाठी ती सरकली याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याच रांगेत तीन मजली लॉज दीनवाणा चेहरा करून उभा असतो, त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. जुनी इमारत पडली किंवा पाडली, की तिच्या जागी उभी राहणारी नवी इमारत झोनप्रमाणेच हवी. तिथे पूर्वापार हक्क संपला. म्हणून पाडायचं कधीच नाही, कायम 'दुरुस्ती'च करायची. यंदा छप्पर, पुढच्या वर्षी मागची भिंत, मग पुढची, मग 'गळती थांबवण्यासाठी' वरचा मजला. शेवटी जुना फक्त उंबरठा उरतो. त्याला हळदकुंकू वाहा आणि पंचनाम्याच्या वेळी सगळ्यात आधी तोच दाखवा. नोटीस आलीच तर शुक्रवारी संध्याकाळी हाती पडल्यासारखं करा आणि सोमवारी स्थगितीसाठी वकील गाठा.

एवढं सगळं पार पडून तुमचा धंदा नियमित झाला, की कदाचित शेजारीही शेड टाकायला घेईल. त्याच दिवशी महापालिकेत लेखी तक्रार द्या. रहिवासी झोन आहे हा, इथे वर्कशॉप चालतंच कसं?